वरच्या ओळी

९ नोव्हेंबर

सौ. वहिनी,

नमस्कार. पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुमची दोन पत्रं आली आणि दोन्ही माझ्या टेबलावर पेपरवेटखाली पडून राहिली. कामाचं निमित्त पुढे करता आलं असतं. छापखान्यात सध्या शालेय पुस्तकांची घाई आहे, मुद्रितं तपासून तपासून संध्याकाळी मला स्वतःच्या दारावरच्या पाटीतही चूक दिसायला लागते. पण ते कारण खरं नाही. दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुका खोडते, तेव्हा स्वतःच्या पत्राची सुरुवात तरी खोटी नको. खरं कारण असं की मला राग आला होता.

तुम्ही दादाच्या वाढदिवसाचा फोटो पाठवलात. दादा खुर्चीत बसलाय आणि अंगात दुकानातलं, पुढून बटणांचं जाकीट. मी विणलेला निळा स्वेटर कुठे गेला? थंडी सुरू झाली की तो माझ्याच हातचा स्वेटर डोक्यातून घालतो आणि मग केस विस्कटले म्हणून कुरकुरतो, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. मागे सोफा दिसतोय. त्यावरच्या उशांना मी विणलेले जांभळे अभ्रे नाहीत. त्यांच्या जागी तुमची पांढरी क्रोशाची फुलं. फुलं सुबक आहेत. भिंग लावून पाहिली, म्हणून सांगते.

आणि पत्रं. मी वसतिगृहात राहायला गेले तेव्हापासून दादा आणि मी एकमेकांना लिहितो. कचेरीत नकाशे काढणारा माणूस, त्याचं अक्षर म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे जुळवल्यासारखं. पत्राच्या सुरुवातीला 'टाचणे' अशी हाक, कारण मी लहानपणापासून टोचते म्हणे. ऑगस्टपासून त्याच्या हातची एक ओळ नाही. येतं ते तुमच्या अक्षरात, 'हे म्हणतात की' आणि 'ह्यांनी सांगितलंय की'. फोन करावा तर कधी तो झोपलेला असतो, कधी अंघोळीला गेलेला. इतक्या अंघोळी दादाने लहानपणी केल्या असत्या तर आईचा निम्मा त्रास वाचला असता.

आमच्या छापखान्यातल्या बाइंडर काकांपाशी मी हे सगळं बोलले. ते पुठ्ठ्याला खळ लावत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, तुमच्या घरात वहिनी आलीय की सवत?" सगळे हसले. मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. हे तुम्हाला कशाला लिहिते आहे ते मलाच कळत नाही. बहुधा तुम्ही 'छे हो' म्हणावं म्हणून.

पहिली वहिनी गेली तेव्हा मी तिथे येऊन राहिले होते. दादाचं घर मी सांभाळलं. त्या घरात कुठल्या फळीवर काय आहे ते मला डोळे मिटून सांगता यायचं. आता फोटोत बघावं लागतं. तुमचा यात दोष नाही, हे मला समजतं. समजण्याचा उपयोग मात्र होत नाही.

दादाला म्हणावं, पेन हरवलं असेल तर मी पाठवते.

तुमची,
वन्सं

*

२० नोव्हेंबर

वन्सं,

'छे हो.' घ्या, आधी ते देऊन टाकते.

तुमचं पत्र मी बालवाडीत मधल्या सुट्टीत वाचलं. एक पोरगी विचारते, "बाई, तुम्ही हसताय का रडताय?" मी म्हटलं, "वाचतेय." तिला पटलं नाही. तुम्ही एवढं सरळ लिहिलंत म्हणून मी तुम्हाला वर्गातला चांदणीचा शिक्का देते. आणि भिंग लावलंत तर तिसऱ्या फुलाची एक पाकळी बारकी आहे ती दिसली असणारच. बोलला नाहीत, उपकार झाले.

जाकीट मी आणलं. ह्यांना हल्ली पुढून उघडणारं सोयीचं पडतं. वय, दुसरं काय! निळा स्वेटर कपाटात नीट घडी करून ठेवलाय, त्याला कुणी हात लावलेला नाही. अभ्र्यांचं आपण भेटल्यावर बोलू. अक्षराचं म्हणाल तर मला कारकून नेमण्यात आलंय. पगार नाही, रजा नाही, आणि मजकूर सांगणारा माणूस दोन वाक्यांनंतर दमतो.

सोबत एक पार्सल निघतंय. राखाडी पांघरूण आहे, तुमच्या वाचायच्या खुर्चीसाठी. तुमचे पाय गार पडतात आणि तुम्ही सांगत नाही, असं हे म्हणतात. सुयांवर विणणाऱ्या माणसाला क्रोशाचं काम पाठवायचं म्हणजे आचाऱ्याला डबा नेऊन देण्यासारखं, पण पाठवते. एक विनंती. वरच्या टोकाच्या ज्या ओळी आहेत, त्या जरा निवांत बघा. तुमची नजर बारीक म्हणून मुद्दाम सांगते. त्यांच्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

पेन आहे. हरवलेलं नाही.

तुमची,
वहिनी

*

३ डिसेंबर

सौ. वहिनी,

पांघरूण मिळालं. पाय झाकून बसले आणि ऊब आली हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते आठवेल.

काम देखणं आहे. खालून वर बघत गेले. ओळीमागून ओळ, क्रोशाचा प्रत्येक उभा टाका, प्रत्येक खांब सारख्या उंचीचा, दोन्ही कडा सरळ. मनात म्हटलं, हात आहे बाईला. आणि खरं सांगते, ते म्हणताना मला बरं वाटत नव्हतं.

मग तुम्ही म्हणालात तशा वरच्या ओळी निवांत पाहिल्या. तिथे एकदम काहीतरी बिनसलं होतं. कडेचे खांब गळल्यामुळे पांघरूण आत ओढलं गेलं होतं. एका भोकात दोन-दोन खांब. धागा कुठे इतका आवळलेला की सुई आत शिरली कशी असं वाटावं, कुठे इतका ढिला की त्यातून बोट जावं. तुम्ही मुद्दाम बघायला सांगितलंत म्हणून मी समजले, की टोकाशी येईपर्यंत तुमचा उत्साह संपला आणि ते लपवायचं नाही एवढा प्रामाणिकपणा तुम्ही दाखवलात. नणंदेची भेट शेवटाला जाईपर्यंत कंटाळवाणी होऊ शकते. मी तुमच्या जागी असते तर माझंही झालं असतं.

चूक दिसली की मला झोप येत नाही. आम्हा सुयांवाल्यांत एक सोय असते. खाली कुठे चुकलं तर तेवढाच एक टाका वरून सोडत सोडत चुकीपर्यंत न्यायचा, दुरुस्त करायचा, आणि पुन्हा एकेक पायरी वर चढवायचा. शेजारच्या टाक्यांना पत्ताही लागत नाही. मला वाटलं क्रोशातही असंच असेल. शेवटची गाठ कापली आणि एक खांब खाली न्यायला गेले. तो एकटा येईना. क्रोशात सगळे एकाच माळेतले. धागा ओढला तशी अख्खी ओळ सुटत आली. तिथे थांबता आलं असतं, गाठ पुन्हा मारता आली असती. मी थांबले नाही. तुमच्या चांगल्या ओळींपर्यंत सगळं उसवलं.

कॉलेजात असताना क्रोशाची सुई धरली होती, ती आठवून त्याच धाग्याने त्या ओळी पुन्हा घातल्या. आता कडा खालपासून वरपर्यंत सरळ आहेत. कुठे जोड आहे ते तुम्हालाही सापडणार नाही. चूक गुपचूप दुरुस्त करणं आमच्या धंद्यात बसत नाही, म्हणून कळवते. मन वाईट करून घेऊ नका.

फोटो दादाच्या फोनवर आजच पाठवला आहे, वरची बाजू पुढे करून. त्याखाली काही लिहिलं नाही. त्याला सरळ रेषा कळते.

तुमची,
वन्सं

*

११ डिसेंबर

टाचणे,

हे पत्र मी स्वतः लिहितोय. तीन बैठका झाल्या. अक्षर बघून घाबरू नकोस.

ऑगस्टमध्ये माझ्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली. उजवा हात गेला. उजवीकडचं धड दिसेना. आता दिसतं. हातही येतोय. तुला कळवायचं नाही असं मीच हिला बजावलं होतं. तू धावत आली असतीस आणि मला उशीवरून डोकं उचलू दिलं नसतंस. मी आजारीच राहिलो असतो. रागव, पण हिच्यावर नको.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या बोटांना काम द्या. हिने सुई दिली. आधी नुसत्या साखळ्या. मग खांब. पांघरुणाच्या वरच्या ओळी माझ्या आहेत. तुझ्यासाठी घातल्या. घालताना वाटायचं सगळं वाकडं होतंय. ही म्हणायची छान आहे. बालवाडीची बाई. सगळ्यांना छानच म्हणते.

मग तुझा फोटो आला. मी बघतच राहिलो. पट्टीने आखल्यासारख्या ओळी! हे मी केलं? फोटो मोठा करून छापून घेतलाय. महिनाअखेरीस साहेबांना दाखवणार आणि जानेवारीत टेबलावर हजर होणार.

त्याआधी तू सांग. चूक सापडली का? तुला नाही सापडली तर नाहीच.

दादा

*

१२ डिसेंबर

वन्सं,

हे पत्र शाळेत बसून लिहिते आहे. पोरं चित्रं रंगवतायत.

ह्यांचं पत्र कालच टाकलं. स्वतः चालत जाऊन टाकलं, मी फक्त शेजारून चालले. ते तुम्हाला आधी मिळावं आणि माझं नंतर, अशी माझी इच्छा आहे, पण पोस्टाला कोण सांगणार.

आधी फोटो आला, तुमचं पत्र नंतर. त्यामुळे फोटो पाहिला तेव्हा मला काही माहीत नव्हतं. हे ओरडले, "अगं इकडे ये! बघ! म्हणजे तू उगाच छान म्हणत नव्हतीस!"

मी म्हटलं, "मी कधी उगाच म्हणते?"

"रोज म्हणतेस. पोरांच्या चित्रातल्या पाच पायांच्या गाईला म्हणतेस तसं."

मी फोन हातात घेतला आणि लगेच ओळखलं. चार महिने त्या हाताशेजारी बसलेय, वन्सं. त्या ओळी ह्यांच्या नव्हत्या. पण कुणाच्या, ते तुमचं पत्र आल्यावर कळलं. ते पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. माझ्या शाळेच्या पिशवीत आहे, आणि पिशवी मी घरात कुठेही ठेवत नाही, खांद्यावरच ठेवते.

तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते, त्या ओळी कशा झाल्या. सुईच्या दांडीला मी चिंधी गुंडाळून दिली होती, म्हणजे मुठीत राहील. सकाळी उजेड आला की हे खिडकीशी बसायचे. जीभ बाहेर काढून, माझ्या वर्गातल्या पोरांसारखी. एक खांब घालायचा आणि सुईला शिवी द्यायची. सुई पडली की मी उचलायची नाही, असा नियम होता. स्वतः वाकायचे. ओळ संपली की विचारायचे, "बाई, झालं. मधली सुट्टी?" एकदा मी म्हटलं, हा शेवटचा तुकडा मी घालून देते, कडा नीट होईल. तर म्हणाले, "टाचणीला फसवायचं? ती वासावरून ओळखेल." म्हणून मी तुम्हाला निवांत बघायला सांगितलं. वाटलं, तुम्हाला दिसेल. तुमच्या नजरेवर माझा फार भरवसा होता. दिसलं ते असं दिसलं.

मी रागावले आहे. हे लिहायला हवं, कारण तुम्हीही लिहिता. रागावलेय आणि मला दुसरा मार्गही सुचत नाहीये.

कचेरीचं असं आहे. साहेब चांगले आहेत. म्हणाले, हात तयार होईपर्यंत रजा घ्या, नकाशाचं टेबल तुमच्यासाठी ठेवतो. पण एकदा हात तयार आहे म्हणून आलात आणि काम बिघडलं, तर मात्र मला ते टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल, तुम्हाला आवक-जावक बघावी लागेल. व्यायामाच्या बाईंचं म्हणणं, उन्हाळ्यापर्यंत थांबा, हात चांगला येतोय. मी थांबा म्हटलं की हे म्हणतात, "तू घाबरतेस." बाई म्हणाल्या की म्हणतात, "त्यांना मी नकाशावाला आहे हे काय माहीत." आणि आता तो फोटो आहे. शेजाऱ्यांना दाखवून झालाय. आज सकाळी पेन्सिली तासून ठेवत होते. डाव्या हाताने.

मी खरं सांगितलं तर ते मला विचारतील, मग तू इतके दिवस छान का म्हणालीस? आणि नाही सांगितलं तर जानेवारीत सगळ्या कचेरीसमोर त्यांचा हात थरथरेल. तुम्हीच सांगा काय करू.

तुम्ही माझा हेवा करता. मला ते लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून माहीत आहे, तुम्ही चहाच्या किटलीवर विणलेली टोपी घालून पाठवलीत आणि सोबत 'ही रोज वापरायची असते' अशी चिठ्ठी, तेव्हापासून. त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण आता माझंही ऐकून घ्या. त्यांना माझं 'छान' पुरत नाही. तुमचं लागतं. चार महिने मी त्यांची बोटं चोळली, आणि त्यांचा विश्वास कशावर बसला? तुम्ही न बोलता पाठवलेल्या एका फोटोवर. मला काय वाटलं असेल त्या खोलीत उभं राहून? तुम्हाला ते वाटणं चांगलं ओळखीचं आहे, म्हणून तुम्हालाच सांगते.

जाकिटाचं कळलं असेलच. एका हाताने स्वेटर डोक्यातून घालता येत नाही. अभ्रे मात्र मी काढले आणि त्याचा आजाराशी काही संबंध नाही. तो जांभळा रंग मला बघवत नाही. ते माळ्यावर आहेत.

तुमची,
वहिनी

*

१६ डिसेंबर

वहिनी,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. मी दादाचं आधी वाचलं. अक्षर पाहून पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला.

तुम्ही त्याला काही सांगू नका, खरंही नाही आणि खोटंही नाही. खरं सांगणं माझं काम आहे, आणि माझ्यासाठी तुम्ही एक दिवसही खोटं बोलायला नको होतं. सोबत त्याच्या नावाचं बंद पाकीट आहे. ते त्याला द्या आणि तो वाचत असताना खोलीत थांबा. त्याने काही फेकलं तर फेकू द्या.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी रडले असते, आणि मग त्याला माझीच समजूत काढावी लागली असती. असं मी याआधी केलंय, तुमच्या घरात, पहिली वहिनी गेली तेव्हा. 'उशीवरून डोकं उचलू दिलं नसतंस' हे वाक्य वाचून मला ते आठवलं.

जांभळ्या रंगाचं कळलं. लोकर सवलतीत मिळाली होती. मलाही तो फारसा आवडला नव्हता.

वन्सं

*

१६ डिसेंबर

दादा,

तू विचारलंस, चूक सापडली का. सापडल्या, पुष्कळ. पण ज्या फोटोवरून तू विचारतोयस त्यात नाहीत, कारण फोटोतल्या वरच्या ओळी तुझ्या नाहीत. त्या माझ्या आहेत. तुझ्या मी उसवल्या.

हे वाक्य वाचून तू पत्र खाली ठेवलंस तर थोड्या वेळाने उचल. पुढे तुझ्या उपयोगाचं आहे.

मला वाटलं त्या ओळी वहिनींच्या आहेत. त्या वाईट आहेत हे पाहून मला आनंद झाला. आनंद हाच शब्द आहे. मी दुसरे दोन लिहून पाहिले आणि खोडले. तुझ्या घरात माझी एकेक वस्तू कमी होताना दिसत होती, तुझी पत्रं दुसऱ्याच्या अक्षरात येत होती, आणि मला त्या बाईच्या हातात एक तरी खोट हवी होती. ती मिळाली. म्हणून मी ती मन लावून पाहिली. मग नीट करून त्याचा फोटो तुला पाठवला, तुला फरक दिसावा म्हणून. तू आजारी आहेस हे मला माहीत नव्हतं, पण ही सबब पुरत नाही. माहीत नसताना मी काय करते, तेच तर यात दिसलं.

आता तुझ्या ओळींबद्दल. मी त्या जशा नजरेने पाहिल्या तसं प्रेमाने कुणी पाहत नाही. वहिनींचं 'छान' तू धरू नकोस, पण हे धर. पहिल्या ओळीत नीट अशी जागाच नव्हती. दुसरीत एका भोकात दोन खांब, पुन्हा पुन्हा, म्हणजे तुला भोक दिसत नव्हतं आणि तू चाचपत होतास, हे मला आता कळतंय. उजवी कड प्रत्येक वेळी गळत होती. पण मधे कुठेतरी धाग्याचा ताण बदलला. आधी आवळलेला किंवा सैल, नंतर एकसारखा. डावी कड तिथपासून सरळ झाली. आणि सगळ्यात वरच्या ओळीत चूक एकच होती. उजव्या टोकाचा शेवटचा खांब राहिला होता. बाकी ओळ बरोबर होती. मी ती पाहिली, आणि 'इथे जरा लक्ष दिलेलं दिसतंय' असं मनात म्हणून कात्री उचलली, कारण तेव्हा मला बरोबर असलेलं काही नको होतं.

दादा, हात तयार नाही. जानेवारीत जाऊ नकोस. शेवटच्या टाक्यात कड सोडणारा हात नकाशाची हद्दही सोडेल, आणि ते साहेबांना दिसेल. पण हात येतोय. हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये. तुला माहीत आहे, समजूत काढणं मला जमत नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत काय झालं ते मी पाहिलंय, आणि तसं पाहिलेली मी एकटीच आहे. पुरावा मीच नष्ट केला, तेव्हा साक्ष तरी पुरी देते. साहेबांना तो फोटो दाखवू नकोस. तो मोठा करून छापलेला कागद फाडून टाकायला मी सांगत नाही. त्याच्या मागच्या बाजूला अक्षर गिरव.

मला तुझ्याकडे यावंसं वाटतंय. येत नाही. तू बोलावशील तेव्हा येईन, आणि आले तरी उशीला हात लावणार नाही. पांघरूण मात्र परत पाठवते. माझ्या ओळी काढून टाकते आणि शेवटचा फास सुटू नये म्हणून त्यात सेफ्टी पिन अडकवते. तिथून पुढे तू घाल. धागा तोच आहे. दोनदा विणून दोनदा उसवल्यामुळे कुरळा झालाय, पण ओढ घेतो. तुला राग आला असेल तर रागात घाल. वाकड्या झाल्या तर वाकड्या पाठव. या वेळी मी कुठलीही गाठ कापणार नाही.

तू खिडकीशी बसशील आणि शेजारी वहिनी बसतील. सुई पडली तर न उचलता बसून राहायचं त्यांना जमतं. मला जमलं नसतं, मी तू वाकायच्या आत उचलली असती. तू माझ्याकडून कधी एक टाका शिकला नाहीस आणि त्यांच्याकडून शिकलास, याचा मला हे लिहिताना, आत्तासुद्धा हेवा वाटतोय. हे वाक्य दोनदा खोडलं आणि दोनदा पुन्हा लिहिलं. ठेवते. ते काढलं तर बाकीचं खोटं वाटेल.

आता रात्री दिव्याखाली राखाडी लोकरीचा भरवसा नाही, कुठे वहिनींचं संपतं आणि कुठे माझं सुरू होतं ते मलाच दिसत नाहीये. डायरीत उद्याच्या पानावर एवढंच लिहून ठेवलंय:

सकाळच्या उजेडात माझ्या ओळी उसवणे.